राजाच्या खिडकीतला सूर्यास्त

प्लॅन एकदम सिंपल होता. शुक्रवारी रात्री गाडी पकडायची, भाट्याला उतरायचं, सुरूच्या बनात पसरायचं, मासे हाणायचे आणि मोबाईल बंद! शनिवार तसाच गेला. रविवारी मात्र जिथे राहिलो होतो तिथल्या काकूंनी चहा देता देता टोकलं, ‘अगो, नुसतं पाण्यात काय डुंबताय? पूल ओलांडून राजाचा वाडा बघून या. पण चारच्या सुमारास जा, म्हणजे काचा दिसतील.’

काचा? रंगीत काचा म्हटल्या की आपल्याला आठवतं चर्च. कुलाब्याचं अफगाण चर्च, फार तर राजाबाई टॉवरखालची विद्यापीठाची लायब्ररी. इंग्लंडमध्ये फेअरफर्ड नावाच्या छोट्याशा गावातल्या चर्चला तर सुमारे 500 वर्षांपूर्वीच्या 28 रंगीत खिडक्या आहेत. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना बायबल दाखवणाऱ्या. पण जांभ्या दगडाच्या रत्नागिरीत हे कुठून आलं?

उत्तर आहे थिबा राजा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणी सुपयालतसह बोटीत बसवलं. तेव्हा त्याचं वय होतं फक्त 26! म्हणजे आपण पहिलं प्रमोशन कधी मिळणार याचा हिशोब करतो, त्या वयात या माणसाचं सगळं संपलं होतं. 1886 मध्ये तो रत्नागिरीला आला. चोवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत काढल्यावर 13 नोव्हेंबर 1910 रोजी तो या पॅलेसमध्ये राहायला आला. सरकारने त्यासाठी सव्वा लाखाहून जास्त रुपये मंजूर केले होते. आवार 27 एकरांचं. आराखड्यात राजाने स्वतः लक्ष घातलं होतं. जांभा इथला, सागवान ब्रह्मदेशचं आणि काचा इटलीच्या. त्या बसवल्या अशा, की मावळतीचं ऊन त्यांनी झेलावं.

काकूंचं ऐकून चारला पोचलो. आत आता म्युझियम आहे. जुन्या मूर्ती बघत आम्ही जिना चढलो आणि खिडकीपाशी थांबलोच. अर्धवर्तुळाकार लाकडी चौकट, वर नक्षी आणि रंगीत काचा. चर्चमधल्यासारखे इथे संत नाहीत, देवदूत नाहीत, कुठलीही गोष्ट नाही. आहे तो नुसता रंग. ऊन तिरपं झालं की तो काचेतून खाली उतरतो आणि जमिनीवर हळूहळू सरकत राहतो. माझ्या मैत्रिणीने त्यात हात धरला, तर हातच रंगला. दोघीही गप्प!

मग डोक्यात आलं, राजाला काचांचंच वेड का असावं? मंडालेच्या त्याच्या राजवाड्यात ‘काचमहाल’ नावाची इमारतच होती. अमिताव घोष यांच्या 2000 सालच्या ‘द ग्लास पॅलेस’ कादंबरीचं नाव तिच्यावरूनच आलं. तो राजवाडा 1945 मध्ये युद्धात जळाला. राजाने काचा मागवल्या, तेव्हा त्याच्या मनात तोच काचमहाल होता का, हे कोण सांगणार? पण एक गोष्ट मात्र टोचते. या खिडक्या पश्चिमेकडे बघतात. त्याचा देश होता पूर्वेला.

15 डिसेंबर 1916 रोजी तो इथेच गेला. वय 57. हिशोब करून बघा, तो ब्रह्मदेशात राहिला त्यापेक्षा जास्त वर्षं रत्नागिरीत राहिला. तरी हे त्याचं घर झालं का? राणी 1919 मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीलाच परत आली. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न करून मराठी संसारात रमली. आजोबांना जे तुरुंग वाटलं असेल, ते नातीचं गाव झालं.

गंमत म्हणजे ज्या सूर्यास्तासाठी या काचा बसवल्या, तो आपल्याला आतून बघायला मिळत नाही. त्याआधीच म्युझियम बंद होतं. आम्ही मग थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडे आमचा सुरूचा किनारा. सूर्य समुद्रात टेकला. आमची परतीची तिकिटं पर्समध्ये होती. त्याच्याकडे तेवढंच नव्हतं.

कसं जाल? मुंबईहून कोकण रेल्वेने रत्नागिरी. स्टेशन शहराबाहेर आहे, तिथून रिक्षा घ्या. भाट्ये पावसच्या रस्त्यावर, पूल ओलांडला की लगेच. जवळच झरी विनायकाचं देऊळ आहे. काचा बघायच्या तर पावसाळा टाळा. ऊनच नसेल, तर रंग कुठून येणार?