फूल आणि दोन पाने

दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयतांनी बेळगावहून गोव्याची वाट धरली ती चोर्ला घाटाची. जांबोटी, कणकुंबी मागे पडली आणि दाट रानातून गाडी उतरणीला लागली. आमच्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. तिच्यामागोमाग आपणही उतरत आहोत, असा भास या घाटात नेहमीच होतो. गोवा म्हटले की आम्हां बेळगावकरांस मंगेशी, शांतादुर्गा आणि समुद्र आठवतो. या खेपेस मात्र पणजीतील एका रस्त्याने आम्हांस गुंतवून ठेवले.

पणजीहून मांडवीच्या काठाने मिरामारकडे जाणाऱ्या रस्त्यास गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे नाव आहे. मिरामारच्या पुळणीलगत त्यांची समाधी आहे. तेथून दोना पावलाकडे निघालेला रस्ता डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नावाचा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून एकाने जिवाचे रान केले आणि होऊ नये म्हणून दुसऱ्याने. आज एकाचा रस्ता जेथे संपतो, तेथून दुसऱ्याचा सुरू होतो आणि शाळेची मुले दोहोंवरून सारख्याच निश्चिंतपणे जातात.

सौभाग्यवतींचे एक दूरचे मामा जवळच राहतात. वय ऐंशीच्या घरातले. संध्याकाळी ते आम्हांस समाधीपाशी घेऊन आले. समोर मांडवी सागराला मिळत होती. आम्ही सहज १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचा विषय काढला. मामा काही वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, आयुष्यातले माझे पहिलेच मत ते. वडील फुलाचे, काका दोन पानांचे. पंगतीला दोघे शेजारी बसत. पण तो महिनाभर एकमेकांस 'वाढू का' एवढेही विचारीत नसत."

फूल ही विलीनीकरणाची निशाणी होती. दोन पाने ही केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्याची. प्रश्न एवढाच होता. गोव्याचा कारभार मुंबईहून चालावा, की दिल्लीच्या छत्राखाली पणजीहून? पण हा प्रश्न सभांतून ऐकू येईनासा झाला. "एका सभेत आम्हांला सांगत, आईच्या कुशीत चला. दुसरीत सांगत, तुमचे घर परका गिळायला निघाला आहे. कुळांना सांगत, विलीन झाला नाहीत तर भाटकार जमीन काढून घेईल. इतरांना सांगत, विलीन झालात तर नोकरी जाईल, जमीन जाईल, ताटातले मासेसुद्धा जातील! दोन्हीकडची गाणी अशी, की ऐकून रडू यावे," मामा म्हणाले.

पुढे काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. दोन पानांस १,७२,१९१ मते पडली आणि फुलास १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. आता त्या भयांचा हिशेब पाहावा. विलीनीकरण झाले नाही; तरीही दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत बांदोडकरांचाच पक्ष निवडून आला आणि तेच पुन्हा मुख्यमंत्री झाले. कुळांना मालकी देणारी कूळकायद्याची दुरुस्ती १९७६ साली गोव्याच्याच विधानसभेने केली. उलट, बाहेरच्यांच्या हाती जमिनी जातील हे भय विलीनीकरण टळल्याने टळले काय? ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. तरी ती चिंता गोव्यात आजही बोलली जाते. भाषांची वाटणीही सभांत सांगत तितकी सरळ नव्हती. विलीनीकरणाविरुद्ध झुंजलेले 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीच होते!

याचा अर्थ त्या भावना खोट्या होत्या, असा नव्हे. भाटकाराचा जाच कुळाने सोसलेला होता. कोंकणी माणसाचे आपल्या बोलीवरील प्रेम अस्सल होते; तसेच मराठी पोथीवर वाढलेल्या घरांचे मराठीवरील प्रेमही. फसगत होते ती निराळ्या जागी. खऱ्या भावनेला हात घालून वक्ता प्रश्नच बदलतो आणि आपण बदललेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन घरी येतो.

त्या काळच्या दोन घोषणा मामांनी म्हणून दाखविल्या. एक 'झालाच पाहिजे', दुसरी 'आमचें गोंय आमकां जाय'. व्याकरण शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली; पण या दोन घोषणांकडे आम्ही त्या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. पहिलीतला 'च' दार लावून घेतो. 'का' विचारायला जागा उरत नाही. दुसरीतील 'आमचें' ऐकणाऱ्यास आत घेते आणि शंका काढणाऱ्यास उंबऱ्याबाहेर ठेवते. दोहोंत आवेश आहे, कारण एकीतही नाही.

मामांनी मत कोणास दिले, हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. ते आपण होऊन म्हणाले, "वडिलांनाही सांगितले नाही, तुम्हांलाही सांगत नाही. पण आदल्या रात्री एक गाणे ऐकले आणि सकाळी शिक्का मारला, एवढे खरे. मत कदाचित बरोबरही असेल. पण ते मी दिले असे वाटत नाही. गाण्याने दिले."

परतीच्या वाटेवर घाटात आम्ही फारसे बोललो नाही. आम्ही सीमाभागातील माणसे. १९५६ पासून आमच्या घरांतही 'माय' आणि 'परके' हे शब्द जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचलेले आहेत, आणि ते आम्हांस प्रियही आहेत. शिवाय दरवर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी आम्ही मुलांना शिकवीत आलो ते हेच: आवाज कोठे चढवावा, कोठे ओला करावा, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी कसे आणावे. समोरचा असे करू लागला तर आपण काय विचारावे, हे मात्र शिकविल्याचे आठवत नाही.

सुटी संपल्यावर दहावीच्या वर्गात आम्ही त्या दोन्ही घोषणा फळ्यावर लिहिल्या आणि खाली लिहिले, 'मूळ प्रश्न कोणता होता?' वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, आधी हे सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

आम्ही हसलो खरे. पण उत्तर न देता खडू तिच्या हाती दिला आणि प्रश्न तिलाच लिहावयास सांगितला.