दिंडी दरवाजा

आमची घरची भाषा कोंकणी. लहानपणी आमच्या घराचे पुढचे दार दिवेलागणीपर्यंत उघडेच असे. अंगणात पाऊल वाजले की आजी आतूनच “कोण रे तो?” म्हणून विचारी, आणि उत्तर येण्यापूर्वीच चहाचे आधण चढे. पुढे नोकरीनिमित्त इंदुरास आलो, तो माळव्याचे आतिथ्यही तसेच मोकळ्या मनाचे आढळले. अशा आम्हीच विद्यार्थ्यांस ‘दार लावून घ्या’ असा उपदेश करावा, हे कित्येकांस विपरीत वाटेल.

परंतु आजीचे दार उघडे राही, ते येणारा बहुधा ओळखीचा असे म्हणून. इंटरनेटवर ही सोय नाही. तेथे दार ठोठावणारे पुष्कळदा यंत्रच असते. घर कोणाचे आहे हे ते पाहत नाही; रात्रंदिवस ओळीने साऱ्यांची दारे लोटून पाहते आणि जे उघडेल त्यातून आत शिरते. संगणकाच्या या दारांस ‘पोर्ट’ म्हणतात, व त्यांचे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत असतात. ज्या दारामागे एखादा प्रोग्राम कान देऊन बसला असेल, ते उघडे समजावे.

जुन्या वाड्यांच्या महाद्वारास एक लहानशी दिंडी असे. मोठे दार बंद ठेवावे, दिंडीतून एकेकाने वाकून यावे, आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याने त्याची ओळख पटवून घ्यावी, अशी रीत होती. फायरवॉल ही संगणकाची देवडीच होय. आतून कोण बाहेर गेले याची ती नोंद ठेवते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन येणाऱ्यास आत सोडते. न बोलावता आलेल्यास बाहेरच्या बाहेर परतविते. म्हणूनच दार बंद असूनही आपणांस वर्तमानपत्र वाचता येते, पत्रे पाठविता येतात.

या पहारेकऱ्यास वेगळा पगार द्यावा लागत नाही. विंडोजमध्ये तो असतो, लिनक्सवर तो फुकट मिळतो. उणीव असते ती कडी सरकविण्याची. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा १३५ क्रमांकाच्या दाराने जगभरच्या संगणकांत शिरला. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल तेव्हाही होती. मात्र ती आपणहून चालू होत नसे. ऑगस्ट २००४ मधील सुधारणेने ती मुळातच चालू करून दिली. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ ४४५ क्रमांकाच्या दाराने पसरला आणि थोड्याच दिवसांत सुमारे १५० देशांत पोहोचला.

तथापि बंद दाराचीही मर्यादा आहे. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत होता. लोकांनी ती विश्वासाने स्वतःच मागवून घेतली होती! बोलावून आणलेल्या चोरास देवडी काय करणार? यास्तव अनोळखी दुवा उघडू नये, सुधारणा वेळेवर घ्याव्यात आणि महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळी ठेवावी.

आता आतिथ्याचा प्रश्न. स्वतःचे धन खुशाल उधळावे. त्यास औदार्य म्हणतात. परंतु शाळेच्या संगणकात मुलांचे गुण, पत्ते, पालकांचे दूरध्वनी क्रमांक असतात. घरच्या संगणकात आईवडिलांचे बँकेचे व्यवहार असतात. ही दुसऱ्याची ठेव होय. ती उघड्यावर टाकण्याचा अधिकार आपणांस नाही. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांस सोबत घेऊन संगणकाची फायरवॉल चालू आहे की नाही ते पाहा. बंद असल्यास चालू करा, आणि शेजाऱ्यासही तेवढे सांगून या.