ऐजॉलला जाण्याआधी

पुणे,
5 ऑक्टोबर 2025

चि. मृणाल हिस,


तुझी बँकेतली बदली मिझोराममधल्या ऐजॉलला झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं आणि सांगता सांगताच तिचा आवाज बसला. तिच्या मते तू कुठल्याशा अशांत मुलखात निघाली आहेस. तिला दोष देत नाही. आमच्या पिढीच्या कानावर ईशान्येकडची नावं पडली ती बंद, संचारबंदी आणि गोळीबाराच्या बातम्यांतूनच. पण तुझ्या काकांच्या नोकरीमुळे नव्वदच्या दशकात आम्ही तिथे राहिलो, आणि त्या मुलखाने मला जे शिकवलं ते तुला जाण्याआधी सांगावंसं वाटतं. मिझोराम आज देशातल्या सर्वांत शांत राज्यांपैकी एक आहे. ती शांतता कशी आली हे ठाऊक असलं, तर तिथल्या माणसांशी तू वेगळ्या नजरेने बोलशील.

आधी जमीन समजून घे. महाराष्ट्राच्या पंधराव्या हिश्श्याइतकंच हे राज्य, 21,081 चौरस किलोमीटर. पूर्वेला आणि दक्षिणेला म्यानमार, पश्चिमेला बांगलादेश आणि त्रिपुरा, उत्तरेला आसाम आणि मणिपूर. आपल्या सह्याद्रीसारखा एकच कणा तिथे नाही. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या कितीतरी डोंगररांगा एकमेकींना समांतर उभ्या आहेत आणि दोन रांगांच्या मधे खोल दरीत नदी. गावं वसली ती वरच्या धारेवर, कारण जुन्या काळी टोळ्यांच्या लढायांत उंचावरचं गाव राखायला सोपं असे. त्यामुळे समोरच्या डोंगरावरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला दरी उतरून पुन्हा चढावी लागते. नद्याही एका दिशेला जात नाहीत. त्लॉंग उत्तरेला वाहत आसामात बराकेला मिळते. दक्षिणेची छिमतुईपुई म्यानमारमधून येते आणि पुन्हा म्यानमारमध्ये जाऊन कलादान नावाने समुद्र गाठते. पाऊस भरपूर, पण पाणी दरीत आणि माणसं माथ्यावर. म्हणून ऐजॉलमध्ये घरोघरी छपराचं पाणी टाकीत उतरवून घेतात. तूही टाकी असलेलंच घर बघ. रस्त्यावरून दारात शिरशील आणि कळेल की हा वरचा मजला आहे, बाकीचं घर खाली उतारावर आहे.

डोंगरउतारावर शेती म्हणजे झूम. जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, त्या राखेत भात, मका, भाजीपाला पेरायचा आणि काही वर्षं ती जमीन पडीक टाकून पुढे सरकायचं. जंगल तोडून झालं की पेरणीआधी चपचार कुट हा सण येतो, आणि बांबूंच्या उघडझाप करणाऱ्या चौकटीतून पावलं टाकायचा चेराव नाच तू टीव्हीवर पाहिला असशीलच. घर बांबूचं, पाणी आणायची नळी बांबूची, कोवळे कोंब जेवणात. याच बांबूतून तिथला सारा आधुनिक इतिहास निघतो. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

तिथल्या डोंगरांवर एका जातीचा बांबू साधारण 48 वर्षांनी एकदाच फुलतो. सगळ्या रांगांवर एकाच सुमाराला फुलतो, फळतो आणि मरतो. मिझो लोक या काळाला मौताम म्हणतात. नाशपातीएवढी मांसल फळं जमिनीवर खच पाडतात, त्यांवर उंदीर पोसले जातात आणि बेसुमार वाढतात. फळं संपली की तेच उंदीर भाताकडे वळतात. एका रात्रीत उभं शेत रिकामं झालेलं पाहिलेल्या म्हाताऱ्या मला भेटल्या होत्या. 1862, 1911 असं हे चक्र लोकांच्या आठवणीत पक्कं होतं. त्यामुळे 1958 साली तिथल्या जिल्हा परिषदेने, म्हणजे राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखालच्या स्वायत्त परिषदेने, आसाम सरकारला कळवलं की पुढच्या वर्षी दुष्काळ येतो आहे, तयारीसाठी 15 लाख रुपये द्या. तेव्हा मिझो डोंगर हा आसामचा एक जिल्हा होता आणि सरकार शिलाँगमध्ये बसत होतं. बांबू फुलला म्हणून दुष्काळ पडतो ही आदिवासींची अंधश्रद्धा, असं तिथे ठरलं. पैसे मिळाले नाहीत. 1959 मध्ये बांबू फुलला.

मृणाल, मला या गोष्टीचा आजही संताप येतो. जे लोक त्या डोंगरावर शेकडो वर्षं राहिले त्यांनी लेखी कळवलं होतं, अगदी वेळेवर. ठराव होता, रक्कम लिहिलेली होती. माणसांचं ज्ञान केवळ ते डोंगरातल्या माणसांचं म्हणून नाकारलं गेलं. लोकांनी जंगलातले कंद उकरून खाल्ले. मदत पोचली तेव्हा उशीर झाला होता, आणि नेण्यासाठी रस्तेही नव्हते.

उपाशी गावांत धान्य पोचवायला तरुणांनी मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट उभी केली. पाठीवर तांदूळ वाहून नेणारी ही पोरं गावोगाव ओळखीची झाली. तिचा पुढारी लालडेंगा, पूर्वी सैन्यात असलेला आणि मग त्याच जिल्हा परिषदेत कारकून झालेला. 22 ऑक्टोबर 1961 रोजी नावातला ‘फॅमिन’ गळला आणि मदतसंस्थेची मिझो नॅशनल फ्रंट (एमएनएफ) ही राजकीय संघटना झाली. मधल्या काळात, 1960 साली, आसामने असमिया ही राजभाषा केली, त्याचीही भर पडली. 28 फेब्रुवारी 1966च्या रात्री एमएनएफने सरकारी ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले केले आणि 1 मार्चला स्वातंत्र्य जाहीर केलं. 5 मार्चला ऐजॉलवर भारतीय हवाई दलाच्या विमानांनी हल्ला केला. आपल्याच देशाच्या विमानांनी आपल्याच गावावर बाँब टाकल्याचं ते एकमेव उदाहरण. ते कुणी तुला आपणहून सांगणार नाही, पण तुझ्या बँकेच्या शाखेत येणाऱ्या प्रत्येक साठीपुढच्या माणसाला ते ठाऊक असेल.

आणि त्याहून खोल जखम पुढच्या वर्षीची. बंडखोरांना गावांतून अन्न मिळू नये म्हणून 1967 पासून सैन्याने विखुरलेली गावं उठवून रस्त्याकडेच्या छावणीवजा वस्त्यांत नेली. बहुसंख्य खेडी अशी उठली. हातात येईल तेवढंच सामान, ओळखपत्रं, संचारबंदी, आणि मागे उरलेलं घर व धान्य जळताना पाहणं. झूम शेती दूर गेली, तेव्हा उपासमार पुन्हा आली. नव्वदच्या दशकात आम्ही ज्यांच्या शेजारी राहत होतो त्या घरातल्या आजी आपल्या मूळ गावाचं नाव घेत, पण ते गाव कुठल्याच नकाशावर उरलं नव्हतं. एमएनएफनेही विरोधात गेलेल्या मिझोंना मारलं, तेही तिथे विसरलेलं नाही. सामान्य माणूस दोन्हीकडून भरडला गेला.

1972 मध्ये आसामपासून तोडून मिझोराम हा केंद्रशासित प्रदेश झाला. वाटाघाटी होत, मोडत, पुन्हा होत. अखेर 30 जून 1986 रोजी दिल्लीत करार झाला. केंद्राच्या बाजूने सही केली गृहसचिव राम प्रधान यांनी. हे आपले मुंबईचे, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव राहिलेले. त्यांच्या नोकरीचा तो अखेरचा दिवस होता. आपल्याकडे पानिपताच्या गोष्टी मुलांना पाठ असतात; हा सह्यांचा दिवसही ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

कराराने शस्त्रं खाली ठेवली गेली खरी, पण तो टिकला तो दुसऱ्या एका कारणाने. तेव्हा मुख्यमंत्री होते काँग्रेसचे ललथनहवला, बहुमताने निवडून आलेले. त्यांनी खुर्ची सोडली, लालडेंगांना मुख्यमंत्री होऊ दिलं आणि स्वतः त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. 20 फेब्रुवारी 1987 रोजी मिझोराम देशाचं तेविसावं राज्य झालं. आणि 2007 मध्ये बांबू पुन्हा फुलला तेव्हा मुख्यमंत्री कोण होतं? झोरामथांगा, जंगलात लालडेंगांच्या सोबत असलेला माणूस. या वेळी सरकारने आधीच योजना आखली होती, उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं होतं. भात गेलंच, शेतकऱ्यांचे हाल झाले, पण 1959 झालं नाही.

कारभाराबद्दल थोडक्यात. विधानसभा 40 जागांची, लोकसभेला एकच खासदार. गावपातळीवर ग्रामपरिषदा आहेत; गावच्या सरदारांचे वंशपरंपरागत हक्क 1954च्या कायद्याने गेले, तेही लोकांच्याच रेट्याने. घटनेचं 371 जी कलम लक्षात ठेव: मिझोंच्या धार्मिक व सामाजिक चालीरीती, रूढींवर चालणारा न्याय आणि जमिनीची मालकी यांबद्दल संसदेने केलेला कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. कर्जाला जमीन तारण घेताना हे तुझ्यासमोर रोज येईल. दक्षिणेत लाई, मारा आणि चकमा यांच्या तीन स्वायत्त परिषदा आहेत. 2023 साली झोराम पीपल्स मूव्हमेंट निवडून आली आणि लालदुहोमा मुख्यमंत्री झाले. त्याच विधानसभेत मार्च 2024 मध्ये पहिल्यांदा एक स्त्री अध्यक्ष झाली, बेरिल वन्नेईहसांगी. बाजार सगळा बायका चालवतात, पण त्या राज्यात ही गोष्ट घडायला एवढा काळ लागला.

लोक बहुतेक ख्रिस्ती. लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी 1894च्या जानेवारीत त्लॉंग नदीतून होडीने सायरंगला उतरले आणि मिझो भाषेसाठी त्यांनी रोमन लिपी बसवली. 2011 मध्ये साक्षरता 91 टक्क्यांवर होती, आपल्या महाराष्ट्रापेक्षा बरीच पुढे. रविवारी सगळं बंद असतं. शनिवारीच भाजी आणून ठेव. गल्लीत कुणी गेलं तर यंग मिझो असोसिएशनची पोरं न बोलावता येतात, कबर खणतात, रात्रभर त्या घरी बसतात. तूही जाऊन बस. भाषा येत नाही म्हणून घरात राहू नकोस. आम्हाला त्या बसण्यानेच तिथले शेजारी मिळाले.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून बघ. इतकी एकजूट असलेल्या समाजात जे त्या एकजुटीबाहेरचे, त्यांची अवस्था अवघड होते. 1997 मध्ये हजारो ब्रू लोकांना त्रिपुरात पळावं लागलं, दोन दशकांहून अधिक काळ ते छावण्यांत राहिले, आणि 2020च्या करारानंतर त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं. स्वतः गावं गमावलेल्या समाजाकडून हे घडलं याचं मला दुःख आहे. आणि त्याच समाजाने 2021 नंतर म्यानमारमधून पळून आलेल्या तीस हजारांहून अधिक चिन लोकांना आसरा दिला. त्यांना अडवावं असं केंद्राने कळवलं असताना, हे आमचे रक्ताचे आहेत, पाठ फिरवता येणार नाही, अशी भूमिका झोरामथांगांनी घेतली. चर्चने आणि गल्लीतल्या पोरांनी तांदूळ, कपडे गोळा केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीवरून दुसरी खोडू नकोस.

आम्ही गेलो तेव्हा सिल्चरहून दिवसभराचा घाट होता. आता गेल्या महिन्यात, 13 सप्टेंबरला, बैराबी ते सायरंग रेल्वे सुरू झाली. चाळीसहून अधिक बोगदे, एक पूल 114 मीटर उंचीचा. तू विमानाने लेंगपुईला उतर किंवा गुवाहाटीहून रेल्वेने जा, पण दिवसाउजेडी पोच. इनर लाइन परमिटचं बँकेकडून आत्ताच लिहून घे. 1873च्या नियमावलीपासून चालत आलेली ही परवानगी बाहेरच्या माणसाला लागते आणि शेवटच्या दिवसापर्यंत कुणी आठवण करून देत नाही. आईला माझ्याकडे पाठव, तिच्याशी मी बोलते. आणि पोचल्यावर पहिल्या रविवारी मला फोन कर. त्या दिवशी तुला दुसरं काही कामच नसेल.

तुझी,
सुधामावशी