काचेचं रबर

मागच्या पावसाळ्यात अम्मीला घेऊन आमगावला एका मय्यतीला गेलो होतो. परतताना पावसानं गाठलं. भातशेतीच्या जिल्ह्यात पाऊस कसा पडतो ते गोंदियावाल्यांना सांगायला नको. अम्मी पुढच्या सीटवर बसली होती. घरी उतरल्यावर साडीचा भिजलेला काठ पिळत म्हणाली, "गाडीत बसून आले की तलावातून चालत आले, कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सिलिकॉनची नळी आणली. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात ओल दिसत होती, तिथं ती पिळून टाकली आणि बोटानं सारखी केली. गेली तीन वर्षं मी हेच करत होतो. एक पावसाळा, एक नळी. अब्बा ओसरीतल्या खुर्चीवरून बघत असायचे. २०१९ मध्ये त्यांना लकवा झाला, तेव्हापासून उजवा हात नीट उचलत नाही आणि शब्दही मोजकेच येतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "पानी वहाँ से नहीं आ रहा."

आमच्या घरात हिंदीच बोलतात. पण गॅरेजवर खेड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी अब्बा झाडीतल्या मराठीत बोलायचे. लोक त्यांना 'मिस्त्री' म्हणायचे. बालाघाट रोडवर टिनाच्या शेडखाली त्यांनी चाळीस वर्षं गाड्या खोलल्या आणि जोडल्या. लकवा झाला आणि शेड बंद झालं. उरली ही पद्मिनी. १९९६ चं मॉडेल, अब्बांनी २००१ मध्ये जुनी घेतलेली. गिअर स्टिअरिंगजवळ, इंजिन १०८९ सीसीचं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात या गाड्या बनायच्या. मूळ फियाट ११००, पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ती अनेक वर्षं धावली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथूनही हद्दपार झाली. नागपूरला असणारा माझा भाऊ म्हणतो, भंगारात द्या. त्याचा हिशेब चुकीचा नाही. १५ वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करायची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली. पण हा विषय निघाला की अब्बा उठून आत जातात.

आता एक गोष्ट कबूल करतो. मिस्त्रीचा मुलगा असून मला साधा पाना धरता येत नाही. हे आपोआप झालेलं नाही, अब्बांनी ठरवून केलं. शेडवर डबा घेऊन गेलो तरी ते मला उंबऱ्याबाहेर थांबवायचे. एकदा सातवीत असताना मी एक चाक खोलायला हात लावला, तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं. "हात काले नहीं होने चाहिए." माझ्या वयाची मोहल्ल्यातली पोरं त्यांच्याच हाताखाली शागिर्द होती. मी मात्र शाळा, कॉलेज, बी.एड. करून हायस्कूलात मास्तर झालो. मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जास्त जगतात, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं आकड्यांनिशी मांडलं. आम्हाला ते आकड्यांशिवायच माहीत होतं. आमच्या गल्लीत कोणी पंक्चरवाला, कोणी डेंटर, कोणी वायरिंगवाला. आणि त्यातल्या प्रत्येक बापाची एकच दुआ, पोरानं यातलं काही करू नये.

तर गाडी. या वर्षी मी ठरवलं की रबर बदलूनच टाकायचं. दोन ठिकाणी विचारलं. एकानं सरळ नाही म्हटलं. दुसरा म्हणाला, काच फुटली तर आमची जबाबदारी नाही. त्यांचंही बरोबर आहे. नव्या गाड्यांची पुढची काच पत्र्याला रसायनानं चिकटवलेली असते, तिथं हे दोरीचं काम नसतं. आणि आमची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी, तीन वर्षांची मुदत देऊन, पुढची काच अशी असणं बंधनकारक केलं. अशी काच फुटली तरी अंगावर येत नाही. पण एका कोपऱ्यावर जोर पडला की तडा आरपार जातो. पद्मिनीची काच आता गोंदियात मिळत नाही. तडा गेला तर भावाचा हिशेब आपोआप खरा ठरणार होता.

रबर मामेभावानं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतलं आणि विदर्भ एक्सप्रेसनं येणाऱ्या एकाबरोबर पाठवलं. मी ते अब्बांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं ते सगळं फिरवून पाहिलं, कोपरे दाबले, नखानं खाचा तपासल्या. मग म्हणाले, "इतवार को."

मे महिन्यातला रविवार. अब्बांची खुर्ची निंबाच्या सावलीत, गाडीसमोर. नवं रबर त्यांनी मुद्दाम उन्हात टाकायला लावलं. तापलं की ते नरम पडतं. आधी वायपरचे दांडे काढले. मग जुनं रबर. ते इतकं कडक झालं होतं की ओढून निघेना. अब्बांनी सांगितलं तसं बाहेरची कड ब्लेडनं कापत गेलो. काच आतून पायानं ढकलणारे कारागीर असतात. अब्बांनी ते आधीच बजावलं होतं: हाताचे तळवे, आणि वरच्या कडेपासून हळूहळू. शेजारचा पोरगा बाहेरून काच धरून उभा होता. काच निघाली तेव्हा मला घाम फुटला होता आणि त्याला ऊन कारण नव्हतं.

रबराखाली जे दिसलं ते पाहून मी गप्प झालो. वरच्या डाव्या कोपऱ्यात पत्र्याची कड गंजून पापडासारखी झाली होती. पाणी तिथून शिरायचं, रबराच्या आडून कडेकडेनं खाली उतरायचं आणि खालच्या कोपऱ्यात बाहेर पडायचं. मी तीन वर्षं पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद करत होतो. त्यामुळे ते आतच साचलं आणि पत्रा आणखी खात गेलं.

माझं पांढरं सिलिकॉन खरवडताना त्याखाली काळ्या रंगाचा जुना थर लागला. हे कोणाचं काम, म्हणून मी विचारलं. मला वाटलं आधीच्या मालकाचं असेल.

"मेरा है," अब्बा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "तेरे बी.एड. के साल."

दुसऱ्याच्या गाडीवर असं थिगळ लावणाऱ्या शागिर्दाला ते शिव्या घालायचे. मी पुढे काही विचारलं नाही.

गंज पॉलिश पेपरनं घासून चकाकता पत्रा लागेपर्यंत खरवडला. नशिबानं आरपार भोक नव्हतं. रेड ऑक्साइड मारला, वर रंग, आणि दोन दिवस वाळू दिलं. मला घाई होती. अब्बा म्हणाले, ओल्या रंगावर रबर चढवलं तर रंग रबराबरोबर निघून येतो.

बुधवारी काच बसवायला घेतली. ही रीत मी लहानपणी उंबऱ्याबाहेरून शंभर वेळा पाहिली असेल, पण कळली आत्ता. रबराला दोन खाचा असतात, एक काचेसाठी आणि एक पत्र्याच्या कडेसाठी. घोंगडीवर काच ठेवून आधी रबर तिच्याभोवती चढवायचं. मग पत्र्याच्या खाचेत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सगळीकडून बसवायची, दोन्ही टोकं खाली मधोमध, एकमेकांवर वीतभर चढलेली. पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. काच बाहेरून खिडकीवर टेकवायची, दोरीची टोकं आत घ्यायची, आणि आतल्या माणसानं दोरी ओढत जायचं. दोरी निघताना रबराची कड उचलते आणि पत्र्यावरून आत आणते. दोरी जिथं पोचली असेल तिथंच बाहेरच्यानं तळव्यानं दाबायचं.

बाहेरून मी आणि शेजारचा पोरगा. आत कोण? मी बायकोला हाक मारणार, तेवढ्यात अब्बांनी माझ्या मुलीला बोलावलं. ती अकरावीची परीक्षा देऊन घरी होती. "बेटा, अंदर बैठ."

ती पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसली. खालची कड सहज आली. पहिल्या कोपऱ्यावर दोरी अडली. ती जोरानं ओढायला लागली तसे अब्बा खुर्चीतून अर्धे उठले. "जोर मत लगा. रुक. अब्बू को दबाने दे, फिर खींच." मी दाबलं, तिनं ओढलं, कोपरा बसला. मग बाजू, मग वरची कड. शेवटी दोरी पूर्ण तिच्या हातात आली तेव्हा तिचे तळहात लाल झाले होते आणि बोटांना जुन्या रबराचा काळा रंग लागला होता. काच शाबूत होती.

पाण्याची परीक्षाही अब्बांच्या पद्धतीनं झाली. पाइप एकदम वरून सोडायचा नाही. खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं, म्हणजे गळती कुठून हे कळतं. मुलगी आत टॉर्च घेऊन बसली. खाली, बाजूंना कोरडं. वरच्या डाव्या कोपऱ्यात मात्र एक थेंब आला. तिथं रबराची कड आतल्या आत दुमडली होती. लाकडी चमच्याच्या दांड्यानं ती सरळ करून बसवली. परत पाणी मारलं. कोरडं.

संध्याकाळी अस्रची नमाज झाल्यावर अब्बांजवळ बसलो. इतक्या वर्षांचा प्रश्न विचारूनच टाकला. मला पान्याला हात लावू दिला नाही आणि हिला सीटवर बसवून दोरी दिलीत, ते कसं?

ते बराच वेळ शब्द शोधत होते. मग जे म्हणाले ते मराठीत असं होईल: तू एकदा शेडमध्ये आला असतास तर तिथंच राहिला असतास. दुसरा दरवाजा नव्हता. हिच्यासमोर दरवाजे आहेत. हिनं शिकलं तर काय बिघडलं.

मी आयुष्यभर समजत होतो की अब्बांना त्यांच्या कामाची लाज वाटते. त्यांच्यामागे मलाही थोडी वाटायची, खोटं कशाला बोलू. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'मेकॅनिक' न लिहिता 'व्यापार' लिहायचो. त्यांना लाज नव्हती, भीती होती. हे काम वाईट म्हणून ते नको म्हणत नव्हते. माझ्यासाठी ते एकमेव काम ठरेल म्हणून नको म्हणत होते. या दोन गोष्टी मी एकच समजलो. आमच्या मोहल्ल्यात माझ्यासारखे आणखी बरेच असतील. शिकलो, नोकरीला लागलो, आणि बापाच्या हातातला हुनर गरिबीबरोबरच मागे टाकून आलो.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. मी शाळेतून आलो तर मुलगी गाडीतली चटई उचलून खाली हात फिरवून बघत होती. चटईखाली कोरडं होतं. भावाचं म्हणणं अजून तेच आहे आणि पुढच्या नोंदणीच्या वेळी तो पुन्हा फोन करेल. ती दोरी मात्र मुलीनं फेकली नाही. ओसरीत खिळ्याला टांगून ठेवली आहे, अब्बांच्या खुर्चीमागे.