आजीच्या कानातला नंबर

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. गणिताची आणि माझी फारकत दहावीलाच झाली. तरीही या अंकासाठी मी आठ कंपनसंख्यांविषयी लिहायला बसले आहे, कारण त्यांनी माझे एक खोटे पकडले.

मोठे काका नागपूरला अचानक गेले, तेव्हा आजीच्या डोळ्यांचे ऑपरेशन तोंडावर आले होते. ते होईपर्यंत तिला काही कळू द्यायचे नाही, असे घरात ठरले. दर रविवारी तिच्या बटनांच्या मोबाईलवरून काकांना फोन लावून देणे हे माझे काम. एकेक बटन दाबताना वाजणारे सूर तिला ऐकायचे असत. मी काकांऐवजी बाबांचा नंबर दाबायची. बाबा तेवढा वेळ फोन बंद ठेवायचे. "बंद आहे गं आजी." ज्या पवनारात विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले, तिथे मी सराईतपणे खोटे बोलत होते!

शेजारचा दादा अभियांत्रिकीला आहे. बटनांच्या आवाजावरून नंबर ओळखणारी संगणक-प्रणाली हा त्याचा प्रकल्प. त्याने मला समजावले ते असे : प्रत्येक बटन एक नव्हे, दोन सूर एकदम काढते, एक आडव्या ओळीचा, एक उभ्या रांगेचा. ५ दाबले की सेकंदाला ७७० आणि १३३६ कंपने. अशा एकूण आठ कंपनसंख्या, आणि कोणतीही दुसरीची पट नाही. अमेरिकेत १९६३ साली ही बटने आली. संगणक आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतो आणि २०५ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम चाळिसाव्या भागाचा, एकेक तुकडा तपासतो. गोर्ट्झेल नावाच्या गृहस्थांनी १९५८ साली दिलेल्या रीतीने तो फक्त त्या आठांचाच जोर मोजतो. बाकीच्या कोलाहलाकडे बघतसुद्धा नाही. (परीक्षेच्या आदल्या रात्री मला हे जमते तर!) माणसाच्या आवाजाने मात्र तो फसू शकतो. म्हणून दुप्पट कंपनेही जोरात आहेत का, हे पाहायचे. असली तर तो गळा, बटन नव्हे.

आजीने काकांचा नंबर गुणगुणून दाखवला. पडद्यावर काहीच उमटले नाही. दादा खूश झाला.

"आता खरा फोन लाव," तो म्हणाला. रविवारच होता. मी सवयीने बाबांचा नंबर दाबला. दादा आपल्याच आनंदात एकेक आकडा मोठ्याने वाचू लागला. सहाव्या आकड्यावर त्याच्या ध्यानात आले आणि तो थांबला.

"वाच न, थांबला काहून?" आजी म्हणाली. "तो माह्या पोराचा नंबर नोहे. मले पयल्याच आयतवारी समजलं. त्याच्या नंबरात शेवटी दोन बटनं बारीक वाजतेत."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मंग मले सांगितलं काहून नाही, आजी?"  मी नव्हे, दादाने विचारले.

"पोरगी रडली असती," ती म्हणाली. मग मोबाईल माझ्याकडे सरकवून, "आता त्याचा लाव."

मी लावला. दहा सूर वाजले. शेवटचे दोन खरेच बारीक होते. आजीने फोन कानाला लावायला मागितला नाही.