दाब, धर, सोड

स्वामी आणि दास यांच्या नात्यावर मी संतवाङ्मयाच्या तासाला वीस वर्षे बोलत आलो आहे. परंतु वर स्वामीने किंचित हालचाल केली की खाली दास कसा निमूट हलतो, हे डोळ्यांनी पाहिले ते इंग्लंडात, एका मोटारीखाली. मोटार अर्थातच माझी नव्हे. मराठीच्या प्राध्यापकाची धाव स्कूटरपर्यंत! ती आमच्या धाकट्या बंधुराजांची. ते राहतात ऑक्सफर्डशेजारच्या ॲबिंग्डनला. एम.जी. गाड्यांचा कारखाना याच गावात होता, तो १९८० साली बंद झाला. बंधुराजांची गाडी १९७१ची एम.जी.बी., दोन माणसांपुरती, बसलो की जमिनीला टेकल्यासारखे वाटते.

मी गेलो होतो वडिलांच्या सदाशिव पेठेतल्या घराच्या कागदांवर त्याची सही घ्यायला. घर विकावे असे मला वाटत होते, त्याला वाटत नव्हते. आणि दोघेही सभ्य असल्यामुळे चार दिवस आम्ही हवामानावर बोललो. पाचव्या दिवशी गाडीचा क्लच बसला. इंजिन बंद असताना गिअर सुतासारखा पडे. सुरू केले की रिव्हर्स कर्रकन निषेध नोंदवी.

यातली व्यवस्था साधी आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरचा दट्ट्या द्रव ढकलतो. तो द्रव नळीतून गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरात शिरतो आणि तिथला दट्ट्या क्लचचा दांडा रेटतो. वरचा व्यास पाऊण इंच, खालचा सव्वा. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट. जोर तितका वाढतो, पण चालही तितकीच घटते. खालचा दांडा हलतो तो जेमतेम अर्धा इंच. त्यातला थोडासा गळतीने, हवेने किंवा पेडलच्या झिजलेल्या पिनेने खाल्ला, की क्लच पुरता सुटत नाही. लोक सिलिंडरांवर हौसेने खर्च करतात आणि ती बिचारी पिन कंबर झिजलेली तशीच ठेवतात.

स्लेव्हचे रबरी बूट उचलले तर आत ओल. ‘‘एवढाच बदलावा,’’ माझ्यातला पुणेकर बोलला.

‘‘नाही दादा, दोन्ही. खालचा नवा बसवला की दाब नीट धरतो, आणि मग वरचा म्हातारा गळायला लागतो.’’

आपल्याकडे गॅरेजात ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, तेच इथेही लागते. आणि ते तेल नव्हेच! खरे खनिज तेल घातले तर आतली रबरे फुगून बसतात. हा द्रव हवेतली ओल पितो, ओलीने सिलिंडर आतून गंजतो, आणि गंजाचे खड्डे नवे रबरही कातरतात. खड्डा नखाला लागला तर नुसते रबर बदलण्यात अर्थ नाही. गाडीच्या रंगावर थेंब सांडला तर तत्काळ पाण्याने धुवावा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. बंधुराज नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरले नाहीत, भक्कम स्टँड लावले, हे पाहून मला बरे वाटले. लहानपणी असा नव्हता.

खरे काम मात्र पुढेच, हवा काढण्याचे. द्रव दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा राहिला की पाय त्यालाच दाबत बसतो. यासाठी दोन माणसे लागतात. मी आत पेडलवर, तो खाली निपलपाशी.

‘‘दाब.’’

‘‘दाबलं.’’

‘‘धर.’’ निपल सैल होई, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरत, निपल आवळला जाई. मगच ‘‘सोड.’’ आधी सोडले तर हवा उलटी आत. मधूनमधून वरची डबी भरायची. ती रिकामी झाली की सारे पहिल्यापासून.

वीस-पंचवीस वेळा असे झाले असेल. मग खालून, चेहरा दिसत नसताना, आवाज आला, ‘‘दादा, माजघराचं दार अजून अडकतं का रे?’’

‘‘अडकतं.’’

‘‘मी उचलून लावायचो.’’

‘‘आता मी लावतो. धरू का सोडू?’’

‘‘धर.’’

रिव्हर्स आवाज न करता पडला तेव्हा संध्याकाळ झाली होती. सही काही त्या रात्री झाली नाही. घराच्या दुरुस्तीला किती लागतील, एवढेच त्याने विचारले, आणि आम्ही मध्यरात्रीपर्यंत कौलांचा हिशेब करीत बसलो.