पहांटेचा संघव्यायाम

व्यायाम चांगला, हें आतां कोणासही पटवून द्यावें लागत नाहीं. अडचण असते ती दुसरीच. जी गोष्ट मनोमन पटलेली आहे ती उद्यां पहांटे प्रत्यक्ष कशी व्हावी, आणि परवां, तेरवां, पावसांत व थंडींतही कशी टिकावी, ही ती अडचण होय. एकट्या माणसाचा निश्चय अंथरुणाच्या उबेपुढें फार काळ टिकत नाहीं, हा बहुतेकांचा अनुभव आहे. यावर माणसास सांपडलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे सोबत. गेलीं कांहीं वर्षें जालना शहरांतील मोतीबागेंत पहांटे जमणाऱ्या एका लहानशा मंडळीस व्यायाम सांगण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. त्या कामांत सोबतीविषयीं जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

मोतीबाग ही मोती तलावाच्या कांठीं आहे, हें जालनेकरांस सांगावयास नकोच. आमच्या मराठवाड्याचा उन्हाळा कडक. वैशाखांत सूर्य वर आला कीं उघड्यावर उभें राहणेंही नकोसें होतें. म्हणून साडेपांच ते सवासहा हीच वेळ बाराही महिने ठरलेली आहे. रविवारीं सुट्टी. मंडळी वीस-पंचवीसांच्या घरांत असते. तींत बियाण्यांच्या कंपनींतील कारकून आहेत, पोलादाच्या कारखान्यांतील रात्रपाळी संपवून घरीं जातां जातां थांबणारे एक कामगार आहेत, किराणा दुकानदार आहेत, घरकाम सुरू होण्यापूर्वीं येणाऱ्या दोन भगिनी आहेत, शाळेंतील मुलें आहेत आणि पेन्शन घेतलेले वृद्ध गृहस्थही आहेत. वर्गणी नाहीं, साधनें नाहींत. पायांखालची जमीन आणि प्रत्येकाचें स्वतःचें वजन एवढेंच आमचें भांडवल!

हें वजन साधन म्हणून किती सोयीचें आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. हात जमिनीवर टेकून व शरीर ताठ ठेवून जोर काढावयास लागलें कीं शरीराच्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. गुडघे टेकले तर तो निम्म्याच्या आसपास उतरतो. भिंतीस हात लावून उभ्यानें जोर काढला तर त्याहूनही पुष्कळ कमी होतो. बैठकेचेंही तसेंच. ज्यास खालपर्यंत बसवत नाहीं त्यानें बागेंतील बांकावर टेकून उठावें. म्हणजे एकाच रांगेंत उभे असलेले पैलवान आणि आजोबा व्यायाम एकच करतात, पण आपापल्या शक्तीप्रमाणें. श्रमाचें मापही सोपें आहे. शेजाऱ्याशीं बोलतां येत असेल, पण गाणें म्हणतां येत नसेल, तर श्रम मध्यम आहेत असें समजावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांत प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें असे मध्यम श्रम आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें शारीरिक हालचाल सांगितली आहे. आमच्या सहा दिवसांचीं मिनिटें २७० होतात. मुलांनीं उरलेली भर संध्याकाळच्या खेळांनीं घालावी.

हें सारें आम्हीं नव्यानें काढलें असें मुळींच नाहीं. याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं, १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनीं ठिकठिकाणीं मारुतीची स्थापना करून बलोपासनेचा प्रसार केला, हें सर्वश्रुत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शंभर वर्षें ओलांडून आजही कार्य करीत आहे. परंतु मला विशेष मोलाची वाटते ती बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांची गोष्ट. कवायतीच्या आज्ञा त्या काळीं इंग्रजींतून दिल्या जात. सामान्य माणसास त्या कळाव्या म्हणून त्यांनीं संघव्यायामासाठीं देशी भाषेंतील आज्ञा प्रचारांत आणल्या. आणि ज्या आखाड्यांतून हें कार्य केलें त्यास आपले मुसलमान उस्ताद जुम्मादादा यांचेंच नांव ठेविलें. व्यायामाच्या रांगेंत मनुष्य कोणत्या घरचा हें पाहावयाचें नसतें, याचें याहून चांगलें उदाहरण कोणतें? परदेशांकडे पाहिलें तर जपानांत १९२८ सालीं रेडिओवरून व्यायाम सांगण्यास आरंभ झाला. अजूनही तेथें सकाळीं साडेसहा वाजतां त्या संगीतावर लहानथोर उद्यानांतून हातपाय हलवितात, आणि सुट्टींतील मुलें हजेरीच्या पत्रिकेवर शिक्का घेऊन घरीं जातात.

पुष्कळांस एकाच वेळीं व्यायाम सांगावयाचा म्हणजे कोणीतरी आंकडा मोजला पाहिजे. आमच्या मंडळींत खरा प्रश्न उभा राहिला तो या आंकड्यावरूनच. वीस जोर जलद मोजले तर तरुणांचें समाधान होई. पण मागच्या रांगेंतील वृद्धांस धाप लागे, आणि संकोचानें ते दुसऱ्या दिवशीं येत नसत. हळू मोजले तर वृद्ध टिकत. पण सैन्यभरतीची तयारी करणारे तीन तरुण कंटाळत. "आमचा येथें व्यायामच होत नाहीं," असें त्यांनीं एके दिवशीं सरळ बोलून दाखविलें, आणि त्यांत खोटें कांहींच नव्हतें. तरुण गेले असते तर मंडळीचा उत्साह गेला असता. वृद्ध गेले असते तर मंडळीचा अर्थच गेला असता.

अखेर आम्हीं आंकडा सोडला आणि घड्याळ धरलें. अर्धें मिनिट जोर, अर्धें मिनिट विश्रांति. मग बैठका, मग पुन्हां विश्रांति, असा क्रम ठरविला. त्या अर्ध्या मिनिटांत कोणी वीस जोर काढतो, कोणी बांकावर हात टेकून सहा. आरंभ सर्वांचा एक, शेवट सर्वांचा एक. मधला आंकडा ज्याचा त्याचा. याच्या जोडीस आणखी एक गोष्ट केली. ऑटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत बर्लिनच्या वल्हेकऱ्यांकडून वजन उचलण्याचे प्रयोग करविले होते. आपण थांबलों तर जोडीदाराचेंही काम थांबेल अशी स्थिति असली, म्हणजे दोघांतील दुबळा मनुष्य एकटा असतांना टिकतो त्याहून अधिक काळ टिकतो, असें त्यास आढळलें. मात्र दोघांच्या शक्तींत अंतर बेताचें असेल तेव्हांच हा परिणाम उत्तम दिसतो. फारच बलवान जोडीदार असला तर तो ओसरतो. म्हणून आम्ही नवख्यास पैलवानाशेजारीं उभें करीत नाहीं. त्याच्याहून दोन पावलें पुढें असलेल्या माणसाशेजारीं करतों. तीन तरुणांपैकीं दोघे राहिले. तिसरा गेला, भरतीच्या धांवण्यास आमचा वेळ पुरत नाहीं हें त्याचें म्हणणें खरेंच होतें.

घड्याळ धरण्याचें काम एका निवृत्त गृहस्थांनीं आपण होऊन पत्करलें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें त्यांस बैठका वर्ज्य होत्या. बांकावर बसून ते हातांचे व्यायाम करीत आणि खणखणीत आवाजांत "आरंभ" व "विश्राम" म्हणत. कोणी दोन दिवस दिसला नाहीं तर परततांना त्याच्या घरावरून जाऊन चौकशी करीत. त्याच सुमारास नववींतील एक मुलगा येऊं लागला होता. अंगानें स्थूल असल्यामुळें त्यास कोठेंतरी हंसें सोसावें लागलें असावें. तो नेहमीं रांगेच्या टोंकास उभा राही. पहिले दोन महिने त्यानें भिंतीशीं जोर काढले, पुढें बांकाशीं, पुढें गुडघे टेकून. आषाढांतील एका ओल्या सकाळीं त्यानें जमिनीवर एक पुरा जोर काढला. शाबासकी द्यावयास कोणाचेच हात मोकळे नव्हते, कारण जो तो आपल्या जोरांत गुंतलेला होता. फक्त बांकावरून आवाज आला, "एक!" त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही स्पष्ट आठवतो.

पुढें दिवाळीनंतर ते गृहस्थ मुलाकडे पुण्यास राहावयास गेले. दोन-तीन दिवस सर्वांसच चुकल्याचुकल्यासारखें झालें. मग त्या मुलानेंच घड्याळ हातीं घेतलें. त्याचा आवाज अजून कोंवळा आहे, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोंचतो. न येणाराच्या घरावरून चक्कर मारण्याचा परिपाठही त्यानें चालू ठेविला आहे. तो त्यास कोणीं सांगितला नव्हता.

विद्यार्थिमित्रांनो, रांगेच्या पुढें उभा राहतो तो पुढारी, असें आपण समजतों. परंतु पुढें तोंड करून उभें राहणाऱ्यास मागचें कांहींच दिसत नाहीं. व्यायाम सांगणारा रांगेकडे तोंड करून उभा असतो, तो याचसाठीं. शेवटच्या माणसाचा श्वास ज्यास दिसतो त्यानेंच वेग ठरवावा; आणि ज्याच्या अंगीं अधिक बळ आहे त्यानें त्याच वेळांत अधिक काम करावें. वर्गांत, खेळांत, पुढें संसारांतही हा नियम उपयोगीं पडेल अशी माझी खात्री आहे. पालकांस एकच विनंति. मुलास "व्यायाम कर" असें सांगण्यापेक्षां उद्यां पहांटे त्याच्या शेजारीं उभे राहा. बाग जवळ नसली तर अंगण पुरे, गच्ची पुरे, गल्लीचें टोंकही पुरे. फक्त रांगेंत दोन माणसें असूं द्या. तिसरें आपोआप येतें.